मोठ्या सुट्टीतला कट्टा

इअरफोन लावलेत ना? आज जरा माझीच चूक सांगणार आहे.

मी वसईचा, कॅथलिक घरातला. आमच्या धर्मग्रामातले आम्ही तिघं तरुण दर शुक्रवारी जव्हार तालुक्यात, साखरशेतच्या बाजूला एका शाळेत जायचो. मोठ्या सुट्टीत मुलांसोबत बसायचं, खेळायचं, गोष्टी वाचायच्या, एवढंच काम. जेवण शाळेचंच, पोषण आहाराचं. आम्ही नेत होतो एक कॅरम, थोडी पुस्तकं आणि चटई.

पहिल्याच दिवशी कॅरम मोठ्या पोरांनी बळकावला. एक मुलगी मात्र खांबाच्या आड बसून एकटीच खिचडी खात होती. पाचवीतली. आई-बाबा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, तिलाही सोबत नेतात. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि मैत्रिणींच्या जोड्याही जमलेल्या असतात. या भागात अशी मुलं बरीच आहेत.

मी तिला कॅरमकडे बोलावलं, ती आली नाही. पुस्तक दिलं, तिने बाजूला ठेवलं. मग आमच्यातल्या ताईने जमिनीवरचे पाच खडे उचलले आणि सागरगोटे खेळायला बसली. तिला धड जमेना. मुलगी बघत राहिली, मग उठून आली आणि म्हणाली, "असं नाही गं." पुढच्या शुक्रवारी तिच्याभोवती सहा मुली होत्या. शिकवणारी ती होती, शिकणारे आम्ही.

आता चूक. तिसऱ्या आठवड्यात मीही मुलांसोबत ताट घेऊन बसलो. घरच्या सवयीने हात जोडले आणि मोठ्याने प्रार्थना म्हटली. मुलांना गंमत वाटली, तीही माझ्यामागून म्हणू लागली. मी थांबवलं नाही. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

पुढच्या शुक्रवारी फाटकाशी त्या मुलीचे बाबा उभे होते. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "दादा, पोरीशी खेळता ते यासाठी का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. "नाही" म्हणालो असतो, पण त्यांनी का विश्वास ठेवावा?

संविधानाचं कलम २८ मी नंतर नीट वाचलं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. मान्यता किंवा अनुदान असलेल्या इतर शाळांतही मुलाला त्यात बसवायचं, तर पालकांची संमती लागते. आधी मला वाटायचं, हा नियम आमच्यासारख्यांना अडवायला आहे. पण विचार करा, वसईतल्या माझ्या लहान बहिणीला शाळेत कुणी न विचारता दुसरी प्रार्थना शिकवली असती, तर माझी आई गप्प बसली असती का?

आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो, झालेलं सांगितलं आणि कट्टा बंद ठेवला. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. त्यांच्यासमोर मी माफी मागितली. त्यांनी नियम ठरवले: एक शिक्षक सोबत असेल, धर्माचं काही नाही, भेटवस्तू नाहीत, मुलांचे फोटो नाहीत. महिन्याभराने कट्टा परत सुरू झाला.

काहींनी मला विचारलं, मग तुझ्या श्रद्धेचं काय राहिलं? अरे, श्रद्धेमुळेच तर मी पहाटेची एसटी पकडतो! पण ती माझ्या पायांत असू दे, मुलांच्या ताटात नको. ज्या स्वागतामागे अट लपलेली असते, त्याला स्वागत कसं म्हणायचं?

आपल्याच जिल्ह्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच पाड्यावर, अंगणात घेऊन गेल्या. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच. मूल जिथे आहे तिथे आपण जाऊन बसायचं. आमच्या ताईने खडे उचलले तेव्हा तेच केलं होतं, नकळत.

यंदा दिवाळीनंतर ती मुलगी पुन्हा भट्टीवर गेली. ते आमच्या हातात नाही. जाताना तिने तिचे पाच खडे ताईकडे ठेवायला दिले. म्हणाली, "होळीला आले की घेईन."

खडे ताईच्या पिशवीत आहेत. होळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिथे असू.

तुमच्या शाळेत खांबाआड कोण बसायचं? आठवलं तर आज त्याला एक फोन करा. भेटू पुढच्या भागात!