थंडीतला अर्धा तास

आम्ही जूचंद्रच्या बचत गटातल्या बाया आज तुमच्याशी बोलणार आहोत. कर्ज, हप्ता, पापड-मसाला हे विषय आज बाजूला ठेवू. आज बोलायचं आहे ते थंडीच्या दिवसांत बाईनं थोडा वेळ एकटीनं, उघड्यावर, शांत बसण्याबद्दल.

ऐकून हसू आलं ना? आमच्या बैठकीतही हशा पिकला होता. एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला एकटं बसायला मिळतं ते फक्त न्हाणीत, आणि तिथंही कुणीतरी दार वाजवतंच!" मग सगळ्या गप्प झाल्या, कारण ते खरंच होतं.

पुरुष पारावर एकटा बसला तर त्याला कुणी काही विचारत नाही. बाई एकटी बसलेली दिसली की प्रश्न सुरू होतात. काय झालं? भांडण झालं का? बरं नाही का? अगदी देवाचं करतानाही आपण एकट्या नसतो. मार्गशीर्षातले गुरुवार घ्या. घर सारवा-पुसा, घट मांडा, नैवेद्य करा, कहाणी वाचा, हळदीकुंकवाला बायका बोलवा. हे सगळं आपण आनंदानं करतो. पण रात्री पाठ टेकल्यावर वाटतं, देवीची पूजा झाली, पण देवीशी दोन शब्द बोलायचे राहूनच गेले.

तुकाराम महाराज देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसायचे, हे आपण कीर्तनात ऐकलेलं आहे. त्यांना गुरू मानणाऱ्या शिऊरच्या संत बहिणाबाईंना मात्र असा डोंगर कुठला? नवऱ्याचा राग सोसत, संसार सांभाळतच त्यांनी भक्ती केली. ते त्यांनी स्वतःच्या अभंगांतून सांगितलेलं आहे. मग बाईला एकांत मिळावा कसा? त्याचं एक उत्तर वर्ध्याजवळ पवनारला आहे. विनोबा भावे यांनी 1959 साली धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, ते खास स्त्रियांच्या साधनेसाठी. तिथल्या बहिणी शेती, स्वयंपाक, साफसफाई सगळं मिळून करतात आणि मौन-प्रार्थनाही करतात. काम वाटून घेतलं की प्रत्येकीला शांत बसायला वेळ निघतो.

आपण घरदार सोडून पवनारला जाणार नाही. पण काम वाटून घेणं आपल्याला नवीन नाही. गटात आपण तेच तर करतो. एकीकडे पैसे नसले तर सगळ्यांच्या बचतीतून तिला कर्ज मिळतं आणि ती ते फेडते. आम्ही म्हटलं, पैशाचं जमतं तर वेळेचं का नाही? म्हणून मार्गशीर्ष ते माघ आम्ही आळीपाळी ठरवली. आठवड्यातून एकदा, एकीला अर्धा तास. तेवढ्या वेळात तिचं लेकरू, तिची चूल, तिच्या सासूबाईंचा चहा दुसरी बघते. पुढच्या वेळी पहिली दुसरीचं बघते. व्याज नाही, पण परतफेड चुकवायची नाही.

जायचं कुठं? कुणी चंडिका देवीच्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसते. कुणी मिठागराच्या बांधापर्यंत जाते, कुणी घरामागच्या वालाच्या वाफ्याजवळ. फोन घरी किंवा पिशवीत, आवाज बंद करून. जप करायचा असेल तर करावा, नसेल तर नुसतं बघावं. आमच्या वसईत कुणी देवळात जाते, कुणी चर्चमध्ये, कुणी घरी नमाज पढते. शांत बसायला कुणालाच अडचण नाही.

थंडीच का? पावसाळ्यात बाहेर बसता येत नाही, चैत्र-वैशाखात ऊन सहन होत नाही. भात कापून झालेलं असतं, शेत मोकळं असतं. सकाळी गवतावर दव असतं, खाडीकडं बगळे आणि बाहेरून आलेले पाहुणे पक्षी दिसतात. सावरीचं झाड बघा. पानं गाळून अगदी वाळल्यासारखं दिसतं. पण ते मेलेलं नसतं, पाणी राखत असतं. मग त्याच उघड्या फांद्यांवर लाल फुलं येतात. आमच्यातली एक ताई ते झाड बघून आली आणि म्हणाली, "मी पण वाळलेली नाही गं, थकलेली आहे." नवरा गेल्यापासून दोन वर्षांत ती स्वतःबद्दल पहिल्यांदाच बोलली.

आमच्या आया-आज्यांनी मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलं. त्या सांगायच्या, मीठ माणूस तयार करत नाही. माणूस बांध घालतो, भरतीचं पाणी आत घेतो आणि थांबवतो. पुढचं ऊन आणि वारा करतात. मनाचंही तसंच असावं. दिवसभर आपलं मन वाहत असतं, याच्याकडं, त्याच्याकडं. अर्धा तास बांध घातला की तळाशी काय आहे ते दिसायला लागतं. कधी ते रडू असतं, कधी जुना राग, कधी नुसती शांती. घरी आल्यावर काम तेवढंच असतं. पण लेकराच्या अंगावर ओरडायच्या आधी एक श्वास घ्यायला सुचतं. आम्हाला तरी देवाची कृपा यातच दिसली.

आता सावधगिरीचं बोलू. एकटं म्हणजे हाकेच्या अंतरावर. कुठं बसणार ते गटात सांगून जायचं. अंधारात जायचं नाही, तुंगारेश्वरच्या जंगलात एकटीनं शिरायचं नाही. पायात चप्पल-बूट हवेत, कारण घोणस थंडीतही फिरते आणि उन्हाला येऊन पडते. कुणी त्रास दिला तर 112 नंबर लावायचा. आणि एकटं बसल्यावर मन हलकं व्हायच्या ऐवजी रोज जडच होत असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर एकटीनं बसायचं नाही. त्या बाईला माणसं हवीत आणि डॉक्टर हवेत. टेली मानसचा 14416 हा नंबर फुकट आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

घरचे काय म्हणतील, ही भीती आम्हालाही होती. एका सासूबाईंनी तर दोन आठवडे तोंड फुगवलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "माझा नंबर कधी?" त्यांचंही नाव आता यादीत आहे.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत बचतीची वही उघडाल तेव्हा शेवटच्या पानावर एक यादी करा. कुणाचा अर्धा तास कधी आणि तिचं घर तेव्हा कोण बघणार, एवढंच लिहा. थंडी संपायच्या आत एक फेरी पूर्ण होऊ द्या.