परदेशी पाण्याच्या कामाला जाताना



शिक्षण संपले की वर्षभर परदेशी जाऊन एखाद्या गरीब गावात पाण्याचे काम करावे, असे आपल्यातील काही मुलामुलींना वाटू लागले आहे. पालकांच्या मनात धाकधूक असते, ती स्वाभाविकच आहे. मी म्हणतो, जरूर जा. पण कोणते काम शिकून जाणार, ते आधी ठरवा. पाण्याच्या कामात नुसता कळवळा किती महाग पडतो, याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशात आहे.

तिथे तळ्याचे दूषित पाणी पिऊन मुले अतिसाराने दगावत. म्हणून १९७० नंतरच्या दशकात सरकारने युनिसेफच्या मदतीने गावोगाव कूपनलिका बसविल्या. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशानेही लाखो बसविल्या. हेतू नेक होता, पाणी नितळ होते. त्यात आर्सेनिक आहे काय, हे मात्र त्या वेळी कोणी तपासले नाही. १९९३ साली चापाई नवाबगंज भागात ते आढळले, तोवर लोक वर्षानुवर्षे ते पाणी पीत होते. हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही, पाणी उकळूनही जात नाही. हळूहळू अंगावर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, काहींना कर्करोग होतो. नंतर सुमारे ४७ लाख कूपनलिका तपासल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे १४ लाखांना लाल रंग द्यावा लागला. लाल म्हणजे पिऊ नका, हिरवा म्हणजे प्या. ही तपासणी छोट्या पेटीतील साहित्याने कूपनलिकेशेजारीच करता येते. विज्ञान शाखेच्या मुलामुलींना ती थोड्या सरावाने सहज जमेल.

दुसरे काम दुरुस्तीचे. आपल्या सोलापूरच्या हातपंपावरून १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ पंप तयार झाला आणि पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला. (सोलापूरकरांची छाती फुगत असेल तर फुगू द्या!) परंतु त्याच्या तळाचे वॉशर बदलायचे तर सगळे पाइप वर ओढावे लागत. त्यासाठी तालुक्याहून माणसे येईपर्यंत गावातल्या बायका पुन्हा डबक्यावर. म्हणून पुढे ‘मार्क थ्री’ आला. त्यात पाइप न काढता वॉशर बदलता येते, गावातली माणसेच ते करू शकतात. तेव्हा जाण्यापूर्वी एखाद्या मेकॅनिकच्या हाताखाली महिनाभर काढा. हात काळे होतील, होऊ द्या.

पालकांनी पैशाची बाजू पाहावी. संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक दल १९७१ पासून काम करीत आहे. ते फी घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देते. काही खाजगी कंपन्या मात्र भरमसाट पैसे घेऊन दोन आठवड्यांची सेवा विकतात. अशांना पत्र लिहून दोन गोष्टी विचाराव्यात : पाण्याची तपासणी कोण करते, आणि आमची मुले परतल्यावर पंप कोण दुरुस्त करणार? उत्तर गोलमाल आले, तर दुसरी संस्था पाहावी.