न्यूमोनियाआड लपणारी गाठ

प्ल्युरोपल्मोनरी ब्लास्टोमा हा लहान मुलांच्या फुफ्फुसाचा दुर्मीळ आणि झपाट्याने वाढणारा कर्करोग. ताप, खोकला, धाप या लक्षणांमुळे आधी न्यूमोनियाच वाटतो, यात नवल नाही. औषधांचा कोर्स संपूनही एक्स-रेवरचा पांढरा डाग हटला नाही, तर नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या पालकांनी नांदेड शहर गाठून सीटी स्कॅनबद्दल विचारावे. पक्के निदान मात्र गाठीचा तुकडा तपासूनच होते. या आजाराच्या पहिल्या प्रकारात नुसत्या हवेच्या पिशव्या असतात, तिसऱ्यात भरीव गाठ, दुसऱ्यात दोन्ही. पहिल्या प्रकारातली मुले बरी होण्याची शक्यता सर्वाधिक. उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि बहुधा केमोथेरपी. मुंबईच्या टाटा रुग्णालयात मुलांच्या कर्करोगाचा वेगळा विभाग आहे. डायसर-१ जनुकातल्या दोषाशी या आजाराचे नाते २००९ मध्ये उघड झाले; हा दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून तो आढळल्यास भावंडांचीही तपासणी करतात.