फोटो वाचून दाखवताना

रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, पण वाचता येतो. ऐका: तिरपी रेघ, नऊ, लहान जे, पुन्हा तिरपी रेघ. कुठलाही जेपेग फोटो ‘बेस-६४’ पद्धतीनं अक्षरांत उतरवा, पहिली चार चिन्हं हीच निघतील.

कारण सोपं आहे. फाइल म्हणजे बाइटांची रांग, आणि बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. जेपेगचे पहिले तीन आकडे ठरलेले: २५५, २१६, २५५. तीन बाइटांचे २४ बिट होतात. त्यांचे आठ-आठचे तीन गट मोडून सहा-सहाचे चार करायचे. सहा बिटांतून ६४ आकडे लिहिता येतात, म्हणून चिन्हंही ६४: इंग्रजीची मोठी अक्षरं २६, लहान २६, अंक दहा, वर अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ. शेवटचा गट अपुरा राहिला तर बरोबरच्या चिन्हानं भरायचा.

हा खटाटोप सुरू झाला टपालासाठी. १९८२ साली ठरलेली ईमेलची वाहतूक सात बिटांची होती, साध्या इंग्रजी मजकुरापुरती. आठवा बिट वाटेत गळाला की फोटोचा चुराडा. १९९२ मध्ये नथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ मानक आणलं आणि त्यात हीच युक्ती घेतली. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टाइन यांनी आपल्या गायक-चौकडीचा फोटो मेलला जोडून पाठवला, सोबत त्यांचं गाणंही! पुढे नातवंडं होतील, त्यांचे फोटो मेलनं यावेत, असं ते म्हणत.

आधारच्या ऑफलाइन ई-केवायसी फाइलमध्येही आपला फोटो असाच अक्षरं होऊन बसलेला असतो. मी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा फाइल बिघडलीय असंच वाटलं.

याची किंमत मोजावी लागते. तिनाचे चार होतात. ३०,००० बाइटांचा फोटो ४०,००० अक्षरांचा. सेकंदाला दोन वाचली तरी साडेपाच तास लागतील, आणि निर्मात्यांनी तेवढा वेळ दिलेला नाही. म्हणून वेबपान बनवताना चिमुकली चित्रं तेवढी अशी अक्षरं करून पानातच गुंफावीत. मोठे फोटो सरळ फाइल म्हणून पाठवावेत.

आणि तरुण प्रोग्रामर मित्रांनो, बेस-६४ हे कुलूप नव्हे. याला किल्ली लागतच नाही, कुणीही क्षणात उलगडतं. पासवर्ड बेस-६४ करून कुठे ठेवला असेल, तर आज रात्रीच तो बदला.