जुना नंबर



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि एक अट घातली आहे : कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. म्हणून मी गाडीवर बोलणार आहे. मधे थोडा कॉम्प्युटर येईल, तेवढा खपवून घ्या.

गाडी तुमच्या ओळखीची आहे. आमच्या अण्णांची राखाडी फियाट. १९६७ सालची, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर असलेली. अण्णा डॉक्टर, त्यामुळे रात्री-अपरात्री व्हिजिटला तीच निघायची. स्नेहसंमेलनाच्या नाटकाच्या पुठ्ठ्याच्या ढाली आणि तलवारी तिच्याच टपावर बांधून आपण राजवाड्यापासून शाळेपर्यंत आणल्या होत्या. तिचा नंबर मी सांगत नाही, कारण तुमच्यातले निम्मे तो पाठ म्हणून दाखवतील.

तो नंबर आजच्यासारखा ‘एमएच-११’ नव्हता. तीन अक्षरं आणि पुढे अंक, काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगानं हातानं रंगवलेले. १ जुलै १९८९ ला नवा मोटार वाहन कायदा लागू झाला, तेव्हा आपण नुकतेच पाचवीत आलो होतो. त्यानंतर आधी राज्याची दोन अक्षरं, मग कार्यालयाचा क्रमांक, अशी पद्धत आली आणि साताऱ्याला ११ मिळाला. जुन्या गाड्यांनी आपापले जुने नंबर जपले. अण्णांच्या गाडीनंही जपला.

अण्णा गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. टायर बसले, बॅटरी मेली. एक भंगारवाला दोनदा येऊन गेला. त्यानं गाडीची किंमत वजनावर केली. आई त्याला एवढंच म्हणाली, “मुलगी आली की बघू.” म्हणजे बघायचं काम माझ्याकडे आलं.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, त्यांना उपयोग होईल म्हणून नियम सांगते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेलेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. मात्र ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्यानं नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरं असलेला खास नंबर मिळतो. आणि जी गाडी आधीच नोंदलेली आहे, तिला तिचा मूळ नंबर ठेवता येतो.

इंजिनाच्या अटीनं मला अण्णांची आठवण झाली. आपल्या लहानपणी पेट्रोल परवडत नाही म्हणून कितीतरी लोकांनी फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवून घेतलं होतं. गॅरेजवाल्या मामांनी अण्णांनाही खूप आग्रह केला. अण्णा म्हणायचे, “पेशंटच्या दारात ट्रकसारखा आवाज नको.” त्यांना काही वारसा वगैरे जपायचा नव्हता, त्यांना आवाज नको होता. पण त्यामुळेच ही गाडी आज नियमात बसली.

खरी अडचण नंबराची होती. आधी गाडी अण्णांच्या नावावरून आईच्या नावावर करायची होती. त्यासाठी एकतीस नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, वारसांची संमती. ते भरताना कळलं, की हा जुना नंबर कॉम्प्युटरमध्ये चढलेलाच नाही. एक एजंट म्हणाला, “ताई, कशाला जुन्याच्या मागे लागता? काही तरी करून नवा ‘व्हीए’ नंबर घेऊ. दिसायलाही भारी.”

इथे तो थोडा कॉम्प्युटर येतो. मी वीस वर्षांहून जास्त काळ डेटाबेसचं काम करते. आमच्याकडे प्रत्येक नोंदीला एक ओळख-क्रमांक असतो. माणसाचं नाव बदलतं, पत्ता बदलतो, फोन बदलतो, पण तो क्रमांक बदलत नाहीत. कारण बाकीच्या सगळ्या नोंदी त्यालाच टांगलेल्या असतात. तो बदलला, की मागचं काही पुसलं जात नाही, पण सापडेनासं होतं. अण्णांच्या ट्रंकेत १९६७ पासूनच्या कराच्या पावत्या, विम्याचे कागद, गॅरेजची बिलं आहेत. प्रत्येकावर तोच नंबर. नवा नंबर घेतला असता, तर ती सगळी रद्दी झाली असती.

म्हणून मी सरळ मार्गानं गेले. मूळ नोंदणीपुस्तक दाखवून जुनी नोंद कॉम्प्युटरमध्ये चढवता येते, तिला ‘बॅकलॉग एन्ट्री’ म्हणतात. एका वयस्कर लिपिकबाईंनी जुनं रजिस्टर काढलं, अण्णांच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, “आहे की इथे.” मग चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतला. चित्रकलेच्या तासाला आपण नाण्याचा घ्यायचो, अगदी तसाच! सर, ते शिकवलेलं असं उपयोगी पडेल असं तुम्हालाही वाटलं नसेल.

मी मधली सहा वर्षं कॅलिफोर्नियात होते, तिथली गोष्टही या निमित्तानं सांगते. आमच्या शेजाऱ्यांकडे १९६५ ची मस्टँग होती. तिथे १९६३ पासून काही वर्षं काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असायची. तिथल्या नियमाप्रमाणे जुन्या गाडीला तिच्या मॉडेलच्या वर्षाची खरी पाटी लावता येते. ती त्याच गाडीची असावी लागत नाही. शेजाऱ्यांनी जुन्या वस्तूंच्या बाजारात काळ्या पाट्यांची जोडी शोधली, त्यावर १९६५ चा छोटा स्टिकर मिळवला. सरकारी खात्यानं तो नंबर दुसऱ्या कुणाच्या नावावर चालू नाही ना, हे तपासलं आणि मस्टँगच्या नावे नोंदवला. पाटी शंभर टक्के अस्सल, फक्त दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची. शिवाय २०१५ पासून तिथे जुन्या पाटीसारखी दिसणारी नवी काळी पाटीही मिळते. ती कालपरवा घेतलेल्या गाडीलाही लावता येते.

मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. त्यांचा नियम पाटी वाचवतो, आपला नियम नंबर वाचवतो. त्यांची गाडी तिच्या काळातली दिसते, आपली गाडी तीच राहते. दोन्ही हवं असेल, तर घरातल्या कुणीतरी पन्नास वर्षं काही फेकलेलं नसावं लागतं. आमच्या घरी अण्णांनी काही फेकलं नव्हतं.

पण या नोंदणीची एक किंमत आहे, आणि ती वीस हजारांहून मोठी आहे. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नेहमीच्या पद्धतीनं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण केलं असतं, तर तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती रोज चालवता आली असती, आणि नंबरही तोच राहिला असता. मला तेच करायचं होतं. रात्री दोन वाजता पेशंटच्या दारात जाणारी गाडी आता फक्त मांडवात उभी राहणार, हे मला पटत नव्हतं.

निर्णय आईनं घेतला. म्हणाली, “हे रोज काढायचे म्हणून ती चालली. आता इथे रोज काढणारं कोण आहे? तू पुण्याला. मला क्लच दाबवत नाही. जे होणार नाही त्याची परवानगी काढून काय करायचं?” यावर मला उत्तर सुचलं नाही. व्हिंटेजचा अर्ज भरला. आता गाडी आईच्या नावावर आहे, जुन्याच नंबरानं.

त्या सगळ्या कागदांत मला माझा शाळा सोडल्याचा दाखला सापडला. त्याच्या कोपऱ्यात जनरल रजिस्टरचा नंबर आहे. आपला हजेरीचा नंबर दरवर्षी बदलायचा, तुकडी बदलायची, बाकावरचा शेजारी बदलायचा. शाळेत पहिल्या दिवशी मिळालेला हा रजिस्टरचा नंबर मात्र कधी बदलला नाही. आमच्यातल्या कित्येकींची लग्नानंतर आडनावं बदलली, कुणाचा देश बदलला. उद्या कुणाचा दाखला हरवला, तर ऑफिसमधले काका आपल्याला त्याच नंबरावर शोधून काढतील. तिथे कुणी साहेब नाही, कुणी मॅडम नाही. वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि पूर्वीची शाळा. आज या सभागृहात आपण एकमेकांना ज्या नावांनी हाका मारतोय, ती त्याच ओळीतली आहेत.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरी पत्र्याच्या शेडखाली कुणाची लँब्रेटा, जावा किंवा फियाट उभी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी नोंदणीपुस्तक शोधा. गादीखाली, देवघराच्या फळीवर, बँकेच्या पासबुकांत, कुठेही असेल. ज्यांना ते कुठे ठेवलंय हे माहीत आहे, ते अजून घरात असतील, तर आजच रात्री विचारा. इंजिन बदलायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. आणि पुढे काय करायचं हे ठरवताना, ती गाडी खरंच रोज कोण काढणार आहे, हे आईला विचारा.

फॉर्म भरायला मदत लागली, तर मला कधीही फोन करा. माझा नंबर मात्र बदललाय, नवा या स्मरणिकेच्या यादीत आहे.