दारावरचे ऋतू

(चिंचवड येथे वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गोठलेल्या पाण्यावरून एक घसरगाडी चालली आहे. तीत बसलेल्या तरुणीच्या वस्त्राला केसाळ कातड्याची किनार आहे, पण गळा आणि खांदे उघडेच आहेत, आणि तातारी वेषातला एक पुरुष ती गाडी मागून ढकलीत आहे. हा फ्रांस्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराने 1755 साली रंगविलेला शिशिर. त्याच्या वसंतात एक युवक प्रियेच्या केसांत फुले माळतो, ग्रीष्मात युवती पाण्याकाठी स्नान करतात, आणि शरदात द्राक्षांचा घोस प्रियकराच्या हातून प्रेयसीपुढे येतो. चारही चित्रांत नांगर नाही, विळा नाही, खळे नाही. द्राक्षे आहेत, पण ती खुडणारा मजूर नाही.

पंधराव्या लुईच्या दरबारात जिच्या शब्दाला वजन होते, त्या मादाम द पाँपादूरसाठी ही चित्रे तयार झाली, आणि ती दालनांच्या दारांवर बसविण्याकरिता असावीत, असा जाणकारांचा तर्क आहे. हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांचा न्याय करणे म्हणजे दाराचे तोरण पाहून आंब्याच्या पिकाचा उतारा ठरविण्यासारखे आहे. दाराच्या माथ्यावरचे चित्र खालून, जाता-येता, मेणबत्त्यांच्या उजेडात पाहिले जाते; भोवती आरसे, रेशीम आणि चिनी मातीची पात्रे असतात, आणि त्या साऱ्यांच्या सुरात सूर मिळविणे हेच त्याचे पहिले कर्तव्य असते. बूशे हा बोव्हेच्या कारखान्यातील भित्तिपटांसाठीही नमुने काढून देणारा कलावंत. इंग्रज चित्रकार सर जोशुआ रेनल्ड्झ त्याच्या चित्रशाळेत गेला, तेव्हा समोर एकही जिवंत प्रतिमान न ठेवता बूशे एक मोठे चित्र रंगवीत होता. फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोने त्याच्यावर असत्याचा आरोप ठेवला, आणि तो निराधार नव्हता. तथापि शोभा हा गुन्हा आहे, असे मला वाटत नाही. रोज पहाटे उंबऱ्यापुढे रांगोळी काढणाऱ्या समाजाला तसे वाटूही नये.

परंतु ऋतूंच्या चित्रांतून कष्ट करणारा माणूस केव्हा उठून गेला, हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही. बूशेच्या आधी सुमारे साडेतीनशे वर्षे, बेरीच्या ड्यूकसाठी लिंबुर्ग बंधूंनी एका प्रार्थनाग्रंथात बारा महिने चितारायला घेतले; त्यांत जुलैत कापणी आणि मेंढ्यांची लोकर कातरणे आहे, आणि ऑक्टोबरात तर खुद्द लूव्र राजवाड्याच्या तटासमोर शेतकरी बी पेरीत आहे. तो ड्यूक काही गरिबांचा कैवारी नव्हता. पण आपले वैभव कोणाच्या पेरणीवर उभे आहे, याचा त्याच्या चित्रकारांना विसर पडलेला नव्हता. पुढे सरदार-दरकदार आपल्या जहागिरी मुनिमांवर सोपवून व्हर्सायला राहू लागले, शेत दृष्टीआड झाले, आणि दृष्टीआड झाल्यावरच ते इतके गोड दिसू लागले.

मध्यंतरी एक विलक्षण चित्रमालिका होऊन गेली. निकोला पूसँ हा रोममध्ये राहणारा फ्रेंच चित्रकार, हात कापत असता, रिशल्यूच्या ड्यूकसाठी 1660 ते 1664 या काळात चार ऋतू रंगवीत होता. आणि 1660 च्याच पावसाळ्यात, येथून काही कोसांवर, चाकणच्या किल्ल्यात फिरंगोजी नरसाळा शाइस्तेखानाच्या वेढ्याला जवळजवळ दोन महिने तोंड देत होता. पूसँच्या शिशिरात बर्फ नाही. तो महापूर आहे. वीज कडाडते आहे, होडी धबधब्याच्या काठावर उलटते आहे, खडकावरून साप सरपटतो आहे. युरोपच्या चार ऋतूंत वर्षेला जागा नाही, अशी आपण तक्रार करतो. पण ज्या मावळ्यांनी तो वेढा भर आषाढात सोसला, त्यांना हा फ्रेंच शिशिर आपलाच वाटला असता.

बूशेची चित्रे आज न्यूयॉर्कमध्ये आहेत. हेन्री क्ले फ्रिक याने ती 1916 साली घेतली. त्याची संपत्ती कोक आणि पोलादाची; 1892 साली होमस्टेडच्या पोलाद कारखान्यातील संपात रक्त सांडले, तेव्हा त्या कारखान्याची सूत्रे त्याच्याच हाती होती. आपल्याकडेही रतन आणि दोराब या टाटा बंधूंनी जमविलेली युरोपीय चित्रे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत. ती सवडीने अवश्य पाहावीत. शेतापासून दुरावलेल्या माणसाला शेताचे चित्र हवे असते, मग तो दरबारी असो, कारखानदार असो, की पहिली पाळी संपवून आकुर्डीच्या सदनिकेत परतणारा कामगार असो. ज्याच्या आजोबांची जमीन संपादनात गेली, त्याच्या भिंतीवर हिरव्या कुरणाचे दिनदर्शिकेवरचे चित्र दिसले, तर त्याला उथळ म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

मला एवढेच वाटते, की त्या भिंतीवर आपले सहा ऋतू यावेत आणि त्यांत माणसे असावीत. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्मामागोमाग वर्षा आणली, तशी आपल्या चित्रकाराने ज्येष्ठाच्या अखेरीस देहूहून आकुर्डीला मुक्कामास येणारी तुकोबांची पालखी आणि तिला हात जोडणारे खाकी गणवेशातले कामगार आणावेत, आणि चाकणच्या बाजारात कांद्याच्या ढिगाशी उकिडवी बसलेली बाई आणावी.

आता दिवे मालवावेत; मी चित्रे पडद्यावर दाखवितो. पहिले चित्र पूसँच्या महापुराचे आहे. उजवीकडे पाहा: होडीतली आई मूल वर उचलून धरते आहे, आणि खडकावरचा माणूस त्याला घेण्यासाठी हात पुढे करतो आहे.