दीड महिना आपला

मैत्रिणींनो, जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची पायी यात्रा आहे. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर, चाल दीड महिन्याची. १९१८ साली २४ वर्षांची ताकामुरे इत्सुए ती चालली. पुढे तिने जपानी स्त्रियांचा इतिहास लिहिला, तेव्हा घरकाम नवऱ्याने सांभाळलं.

आपल्यातल्या ज्या निघणार आहेत त्यांनी आतापासून पाठीवर सामान घेऊन चालायचा सराव करावा. बूट पायात रुळलेलेच न्यावेत. पाळीची सोय सोबत ठेवावी. पासपोर्ट आणि पैसे स्वतःजवळच असावेत. पण दीड महिन्याची चकली-चटणी करून डबे भरत बसू नका. घरातल्यांना स्वयंपाक शिकवणं हीसुद्धा यात्रेची तयारीच आहे. आणि परवानगी मागू नका, निघायची तारीख सांगा!